पदपथावरील चूल आणि तिचा परवाना

बदलीच्या गावी नव्याने उतरलेल्या मराठी माणसास त्या गावाची पहिली ओळख बहुधा जिभेनेच होते. सरकारी निवासस्थान मिळावयास महिना-दोन महिने लागतात, कुटुंब मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर यावयाचे असते, आणि तोवर संध्याकाळच्या खाण्याचा प्रश्न रस्त्याच्या कडेचा गाडीवालाच सोडवितो. इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू यांचा बाजार मांडला जातो. दिल्लीचा खोमचेवाला पानाच्या द्रोणात चाट देतो, अहमदाबादेत माणेकचौकात रात्री तवे तापतात, आणि कलकत्त्यात कचेऱ्यांच्या वस्तीत दुपारची सुट्टी झाली की पदपथावरच पंगत बसते. हा घास आपल्या परिचयाचा आहे. तो वाढणारा मनुष्य तेथे कोणत्या अधिकाराने उभा आहे, हा प्रश्न मात्र खाणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. तो येतो पालिकेची गाडी कोपऱ्यावर दिसली म्हणजे. कारण तेव्हा तोच मनुष्य तापल्या तेलाची कढई तशीच उचलून पळू लागतो.

ह्या पळापळीमागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा कायद्याचा इतिहास आहे. तो क्रमाने पाहिला असता असे दिसते की, रस्त्यावर अन्न विकणाऱ्यास आपल्या कायद्याने प्रथम अडथळा मानले, पुढे मेहेरबानी म्हणून परवाना दिला, आणि फार उशिरा त्याचा हक्क मान्य केला. परंतु हक्क मान्य होणे आणि तो हाती पडणे ह्यांत अद्याप बरेच अंतर आहे. न्यायालयाने व संसदेने आपापल्या परीने जे करावयाचे ते बव्हंशी केले आहे. उरलेले काम कचेरीतले आहे, आणि म्हणूनच ह्या मासिकाच्या वाचकांपुढे हा विषय मांडावासा वाटला.

शिजविलेले अन्न विकण्याचा धंदा आपल्या देशात नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगररचनेचा विचार करताना पक्वान्न विकणाऱ्यांस नगराच्या दक्षिण भागात वसतीची जागा नेमून दिलेली आहे. पुढे नागरकाच्या कर्तव्यांच्या प्रकरणात भात विकणारा आणि शिजविलेले मांस विकणारा यांनी ओळखीच्याच माणसास आपल्याकडे उतरू द्यावे, आणि कोणी अवाच्या सव्वा खर्च करताना दिसल्यास त्याची वर्दी द्यावी, असे सांगितले आहे. म्हणजे अन्नविक्रेत्यास नगरात जागा होती आणि त्या जागेबरोबर काही कर्तव्यही होते. पेशवाईतील पुण्यात बाजारावर कोतवालाची नजर असे, पेठेचा कारभार शेटे-महाजन पाहत, आणि धंदेवाल्यांकडून मोहतर्फा वसूल होई. ह्या व्यवस्थेत जुलूम नव्हता असे कोणीही म्हणणार नाही. तथापि राज्यकर्त्यांचे लक्ष मुख्यतः माप, भाव आणि कर ह्यांवर होते. रस्ता, बाजार आणि चव्हाटा ह्या तीन वेगळ्या वस्तू आहेत, अशी कल्पना तेव्हा रूढ झालेली नव्हती.

ती इंग्रजी अमलात रूढ झाली. १८६० च्या भारतीय दंड संहितेने २८३ व्या कलमात सार्वजनिक वाटेत अडथळा आणणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड ठेवला. पुढच्याच वर्षी पोलीस कायदा झाला. त्याच्या ३४ व्या कलमात लोकांस उपद्रव होईल अशा रीतीने रस्त्यावर घडणारे गुन्हे ओळीने मोजले आहेत. भररस्त्यात जनावर मारणे, घोडा बेफाम दौडविणे, घाण टाकणे, नशेत दंगा करणे ह्यांच्याच पंगतीला ‘विक्रीसाठी माल मांडणे’ हाही गुन्हा बसविलेला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले जाऊ लागले. रस्ता म्हणजे हवा आणि वाहन ह्यांस मोकळी वाट, हा विचार ह्या काळात पक्का झाला. त्या विचारात आरोग्याची खरी कळकळ होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यात रस्त्यावर पोट भरणाऱ्या माणसास जागा नव्हती.

मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा हा पुढे अनेक शहरांस नमुन्यादाखल झाला. त्याच्या ३१३ व्या कलमाने आयुक्तांच्या परवानगीवाचून रस्त्यावर वस्तू मांडण्यास मनाई केली. मागाहून जोडलेल्या ३१३-अ कलमाने सार्वजनिक जागी फेरीचा धंदा करण्यास परवाना आवश्यक ठरविला. आणि ३१४ व्या कलमाने अशा रीतीने मांडलेला माल पूर्वसूचना न देता हलविण्याचा अधिकार आयुक्तांस दिला. परवाना कोणास द्यावा आणि एकूण किती द्यावेत, हे बव्हंशी आयुक्तांच्या विवेकावर राहिले. परवाना ह्या शब्दात मुळात आज्ञेचा आणि अनुज्ञेचा भाव आहे. देणाऱ्याची मर्जी असेल तर तो मिळावयाचा, नसेल तर नाही.

अन्नविक्रेत्याची अडचण तर दुहेरी होती. रुमाल आणि फण्या विकणाऱ्यावर केवळ वाट अडविल्याचा आरोप येतो. अन्न विकणाऱ्याजवळ विस्तव असतो, सांडपाणी असते, उष्टी पाने असतात आणि त्यांवर माश्या असतात. म्हणून त्यास जागेसाठी एका खात्याकडे आणि पदार्थासाठी आरोग्य खात्याकडे, असे दोन उंबरठे झिजवावे लागत. रस्ते मोकळे करण्याची मोहीम निघाली की सर्वांत आधी चूल विझविली जाते, ह्याचे कारण हेच. त्याच्याविरुद्ध देण्यास कारणे नेहमीच दोन असतात.

१९५० साली राज्यघटना अमलात आली. तिच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास कोणताही धंदा किंवा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य दिले, आणि त्याच अनुच्छेदाच्या सहाव्या खंडाने लोकहितार्थ त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्यास ठेवली. आता प्रश्न असा उभा राहिला की, हे स्वातंत्र्य पदपथावर उभ्या असलेल्या माणसासही लागू आहे काय? विशेष म्हणजे ह्या प्रश्नाचा एक आरंभीचा निवाडा अन्नविक्रेत्यांच्याच प्रकरणात झाला. नवी दिल्लीच्या नगरपालिकेने सार्वजनिक रस्त्यांवर शिजविलेले पदार्थ विकणे बंद करण्याचे ठरविले, तेव्हा बटाट्याचे चॉप व तत्सम पदार्थ विकणारे गाडीवाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ‘प्यारेलाल विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका’ ह्या नावाने ते प्रकरण प्रसिद्ध आहे. १९६७ सालचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. परिसरात अस्वच्छता माजेल अशा रीतीने रस्त्यावर अन्न विकण्याचा मूलभूत हक्क कोणास नाही, असे न्यायालयाने ठरविले. घटना होऊन सतरा वर्षे लोटली तरी चूल पुनः आरोग्याच्याच मुद्द्यावर हरली.

पुढचा टप्पा मुंबईचा. १९८५ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आठवड्याभराच्या अंतराने दोन निकाल दिले. दोन्हींच्या वेळी सरन्यायाधीशपदी पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. पदपथावर राहणाऱ्यांच्या प्रकरणात, म्हणजे ‘ओल्गा टेलिस’ खटल्यात, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले; ३१४ व्या कलमाने सूचना न देता कारवाई करण्याचा अधिकार दिला असला तरी सामान्यतः माणसाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असाही त्या कलमाचा अर्थ लावला. त्याच महिन्यातील ‘बॉम्बे हॉकर्स युनियन’ प्रकरणात मात्र पालिकेचा परवान्याचा अधिकार न्यायालयाने उचलून धरला. इतरांस उपद्रव होईल असा धंदा करण्याचा हक्क कोणासही नाही. परंतु आयुक्तांनीही आपला अधिकार न्यायबुद्धीने वापरला पाहिजे, आणि फेरीच्या धंद्यास कोठे मुभा व कोठे मनाई हे विभाग पाडून ठरविले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. फेरीवाल्यांसाठी शहराचा नकाशा आखण्याची कल्पना ह्या निकालाने बळावली.

खरे वळण आले ते ३० ऑगस्ट १९८९ रोजी. ‘सोदन सिंग विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका’ ह्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पदपथावर धंदा करणे हेही १९ व्या अनुच्छेदातील स्वातंत्र्यात मोडते, असा निर्वाळा दिला. न्यायमूर्ती ललित मोहन शर्मा यांच्या निकालपत्राने ह्या विक्रेत्यांच्या उपयोगाचीही दखल घेतली: दिवसभराचे काम आटोपून घराकडे निघालेल्या, बेताच्या मिळकतीच्या माणसास वाटेतच स्वस्तात वस्तू मिळते, ही समाजाची सोयच आहे. त्याबरोबर न्यायालयाने दोन मर्यादाही घातल्या. अमुक एक जागा माझीच, असा हक्क कोणास सांगता येणार नाही. आणि वाहतुकीची गरज पाहून नियमन करण्याचा अधिकार पालिकेस राहील. दिल्लीत पदपथावर बसण्याच्या अनुज्ञेस ‘तहबाजारी’ म्हणतात. आपल्याकडील ‘बाजार-बैठक’ ह्या शब्दाचीच ती बहीण म्हणावयाची. तहबाजारी ही आता निव्वळ मेहेरबानी राहिली नाही. तिच्या मागे घटनेचा आधार आला.

परंतु हक्काची घोषणा झाली म्हणून परवान्यांची संख्या वाढली, असे घडले नाही. मुंबईत १९९८ साली झालेल्या एका पाहणीत पालिकेच्या हद्दीतील रस्त्यांवर एक लाखाहून अधिक फेरीवाले मोजले गेले, तर परवानाधारकांची संख्या १५ हजारांच्या आसपास होती. ज्या वस्तूची मागणी मोठी आणि पुरवठा गोठलेला, तिची चोरटी किंमत उत्पन्न होते, हा बाजाराचा साधा नियम परवान्यासही लागू पडला. अधिकृत शुल्क भरावयाचा मार्ग बंद असल्याने अनधिकृत हप्ता रूढ झाला. मुंबईत तर काही काळ एक चमत्कारिक पद्धत होती. बिनपरवाना विक्रेत्याकडून पालिका अनधिकृत जागा व्यापल्याबद्दल आणि कचरा उचलल्याबद्दल रोज आकार घेई आणि त्याची ‘पावती’ देई. त्या कागदावर तो अनधिकृत असल्याचे नमूद असे. पण दुसऱ्या दिवशी आपण काल येथेच होतो, हे दाखविण्यास गरिबाजवळ तेवढाच पुरावा असल्याने तो ती पावती जपून ठेवी. कलकत्त्यात २४ नोव्हेंबर १९९६ च्या रात्री ‘ऑपरेशन सनशाइन’ ह्या नावाने पदपथांवरील गाळे मोडण्यात आले. मोहीम गाजली, आणि काही काळाने विक्रेते पुनः रस्त्यांवर परतले. गिऱ्हाईक तेथे होते आणि दुसरा धंदा नव्हता, तेव्हा ते अन्यत्र कोठे जाणार?

केंद्र सरकारने २००४ साली शहरी पथविक्रेत्यांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले व २००९ साली ते सुधारले. पण धोरणास कायद्याचे बळ नसते. ८ ऑक्टोबर २०१० रोजी ‘गैंदाराम’ प्रकरणात न्यायमूर्ती सिंघवी व गांगुली यांनी स्पष्ट सांगितले की, मूलभूत हक्काचे नियमन न्यायालयाच्या तात्पुरत्या योजनांवर अनंत काळ चालू ठेवता येणार नाही. ३० जून २०११ पर्यंत कायदा करावा. मुदत उलटून गेली, तरी अखेर संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा आणि नियमनाचा कायदा संमत केला. ४ मार्च २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून तो १ मेपासून अमलात आला.

ह्या कायद्यातील काही तरतुदी मुळातून समजून घेण्याजोग्या आहेत. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी. तिच्या सभासदांत किमान ४० टक्के विक्रेत्यांनीच निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांची पाहणी व्हावी. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांस सामावून घ्यावे. पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणास उठवू नये. जागा बदलावयाची तर ३० दिवसांची सूचना द्यावी. पन्नास वर्षांहून अधिक काळ जेथे पथविक्री चालत आली आहे, त्या नैसर्गिक बाजारांस वारसा बाजार म्हणून मान्यता द्यावी. ह्या सर्वांत ‘परवाना’ ह्या शब्दाची जागा ‘विक्री प्रमाणपत्र’ ह्या शब्दाने घेतली, ही गोष्ट किरकोळ समजू नये. परवाना मर्जीने दिला जातो; प्रमाणपत्र असलेल्या गोष्टीची नोंद करते. हा मनुष्य येथे धंदा करीत आहे, एवढे पाहून नोंदवावयाचे काम आता अधिकाऱ्याचे झाले.

आरोग्याच्या मुद्द्याचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. कारण अन्नविक्रेत्याची चूल तेथेच विझत आली. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची दृष्टी मुख्यतः गुन्हा आणि शिक्षा ह्यांवर होती. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ साली जे नियम झाले, त्यांनी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्यास, फेरीवाल्यासही, परवान्याऐवजी वर्षाला १०० रुपये शुल्काची साधी नोंदणी ठेवली. अन्नविक्रेता प्रथमच अन्नाच्या कायद्यात धंदेवाईक म्हणून नोंदला जाऊ लागला. तरीही नोंदणीने हात धुतले जात नाहीत. त्यास पाणी लागते. ह्या बाबतीत सिंगापूरचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील सरकारने १९६८-६९ मध्ये रस्त्यावरील अन्नविक्रेत्यांची सरसकट नोंदणी केली, आणि १९८६ पर्यंत त्यांस नळ, गटार व छप्पर असलेल्या केंद्रांत बसविले. २०२० साली त्याच खाद्यसंस्कृतीस युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. आपल्याकडेही २०१८ साली अहमदाबादच्या कांकरिया तलावाच्या परिसरास ‘स्वच्छ स्ट्रीट फूड हब’ म्हणून मान्यता मिळाली, आणि पुढे इंदूरच्या छप्पन दुकानासही. विक्रेता तोच, पदार्थही तेच. पाण्याची, कचऱ्याची आणि शिक्षणाची व्यवस्था झाली तेव्हा स्वच्छतेचा प्रश्न आटोक्यात आला. १९६७ साली जे कारण चूल विझविण्यास पुरेसे वाटले, ते बऱ्याच अंशी पालिकेच्या नळाचे कारण होते, असे आज म्हणावे लागते.

कायदा झाल्यानंतरचा प्रवास मात्र मंद आहे. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली. त्यानंतर १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळे यांपासून १०० मीटर अंतरात फेरीच्या धंद्यास मनाई असल्याचे ठरविले. गर्दीच्या ठिकाणी पादचाऱ्याचा जीव मोलाचा, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण मनाईचे विभाग तत्परतेने आखले जात असता मुभेचे विभाग आणि समित्या मागे पडल्या. समितीवरील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसाठी मुंबईत मतदान झाले ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे कायद्यास दहा वर्षे झाल्यावर. २०२१ च्या नोव्हेंबरात गुजरातेतील काही शहरांत मांसाहारी पदार्थांच्या गाड्या मुख्य रस्त्यांवरून हटविण्याची मोहीम निघाली. विक्रेते उच्च न्यायालयात गेले, तेव्हा डिसेंबरात न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेस खडसावून विचारले की, लोकांनी काय खावे हे पालिकेने का ठरवावे? अडथळा हे कारण वापरून भलत्याच हेतूने कारवाई होऊ शकते, ही शंका त्या प्रकरणाने उघड झाली.

सरकारची दृष्टी पालटल्याची खूणही दिसते. टाळेबंदीनंतर १ जून २०२० रोजी पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू झाली आणि विक्रेत्यास तारणावाचून १० हजार रुपयांचे खेळते भांडवल देऊ करण्यात आले. पाहणीत नाव सुटले असल्यास स्थानिक संस्थेच्या शिफारसपत्रावरही कर्ज मिळण्याची सोय होती. ज्याला कालपर्यंत शासन हुसकावीत होते, त्याच्याच धंद्यास ते कर्ज देऊ लागले. आणि तरीही १ जुलै २०२४ रोजी, १८६० च्या संहितेची जागा घेणारी भारतीय न्याय संहिता अमलात आली त्याच दिवशी, नवी दिल्ली रेल्वे स्थानकाजवळच्या पादचारी पुलाखाली पाणी आणि तंबाखू विकणाऱ्या एका फेरीवाल्यावर अडथळ्याच्या कलमाखाली गुन्हा नोंदला गेला. फेरतपासणीनंतर तो रद्द केल्याचे गृहमंत्र्यांनी त्याच दिवशी सांगितले. कलमाचा आकडा २८३ चा २८५ झाला होता, दंडाची कमाल मर्यादा २०० रुपयांवरून ५ हजारांवर गेली होती. पण प्रथम कोणाकडे पाहावयाचे, ही सवय जुनीच होती.

ही सवय मोडण्याचे काम आपल्यासारख्यांच्या हाती आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. जिल्ह्याच्या, पालिकेच्या, पोलिसांच्या आणि आरोग्य खात्याच्या कचेऱ्यांत परप्रांती काम करणारे मराठी अधिकारी अनेक आहेत. पाहणीची यादी पुरी करणे, मनाईच्या विभागाबरोबर मुभेचा विभागही नकाशावर रंगविणे, समितीची बैठक वेळेवर बोलावणे, गाड्यांच्या रांगेस एक नळ आणि एक कचरापेटी मंजूर करणे, ही कामे लहान आहेत. त्यांस नवा कायदा किंवा नवा निधी सहसा लागत नाही.

ह्या कायद्यात एक तरतूद अशी आहे की, जप्त केलेला नाशवंत माल विक्रेत्याने भरावयाचा आकार भरल्यावर त्याच दिवशी परत करावा. कापडाच्या गाठोड्यास दोन दिवसांनी परत मिळाल्याने फारसे काही होत नाही. सकाळी मळलेले पीठ, उकडलेले बटाटे आणि दुधाचे भांडे दुपारी चार वाजता जप्त झाले, तर ‘त्याच दिवशी’ ह्या शब्दांचा अर्थ सायंकाळी सहाच्या आत असाच करावा लागतो; कारण गिऱ्हाईक सहा वाजता येते, आणि उद्याच्या पिठाचे पैसे आजच्या विक्रीतून यावयाचे असतात. तो अर्थ कोणत्याही न्यायालयास रोज येऊन लावता येणार नाही. गोदामाची किल्ली ज्याच्या टेबलावर आहे, त्यालाच तो लावावा लागेल.